सत्काराचे बूट

आमच्या घरात भाकरी आधी फडक्यात आणि मग पत्रकात गुंडाळली जायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि ड्युटी संपली की युनियनची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेले गठ्ठे क्वार्टरमधल्या पलंगाखाली असत. गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे. बाजारातल्या छापखान्यात त्या आठवड्यात जो कागद पडून असेल त्या रंगाचे. आई त्यात भाकरी बांधायची, डब्यांखाली अंथरायची, पावसाळ्यात ओल्या बुटांत कोंबायची. मी बाराखडी त्यांच्याच कोऱ्या पाठीवर गिरवली. ‘नदी’च्या आधी मला ‘निषेध’ लिहिता यायला लागला. तिसरीत बाईंनी ‘माझी आई’ हा निबंध लिहून आणायला सांगितला, तेव्हा मी शेवटी ‘आईच्या मागण्या’ असं ठळक लिहून खाली स्वयंपाकघराला खिडकी, रविवारी सुट्टी आणि आप्पांनी स्वतःचं ताट स्वतः घासणं, अशा मागण्या घातल्या होत्या. आप्पांनी तो निबंध शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. ताट मात्र आईच घासत राहिली.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला ठाऊक आहे. तिशी अजून यायची आहे. माणसं राग निवल्यावर आठवणी लिहितात आणि मग त्या आठवणींत सगळेच थोडे थोडे भले निघतात. मला ते नको. मला हे राग असतानाच लिहायचं आहे, आणि तेही माझ्याबद्दल कमी, माझ्या बहिणीच्या डाव्या गुडघ्याबद्दल जास्त.

तिचं नाव क्रांती, माझं समता. दुसरं काय असणार? आमची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. आजोबांनी शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात जमीन धरली आणि तिथं स्थिरावले. आप्पा रेल्वेत लागून दौंडला आले, थोरले चुलते आण्णा गावाकडं राहिले. गावाकडं ताईला ‘किरांती’ म्हणायचे. आण्णांकडं कांदा होता, थोडी मेंढरं होती आणि ग्रामपंचायतीत एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर त्यांचा जीव मेंढरांपेक्षा जास्त होता.

क्वार्टरमध्ये शांतता अशी कधी नसायची. यार्डात डबे जोडताना एकावर एक आदळत जायचे आणि तो दणका या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेलेला कानांना कळायचा. स्टेशनवरची घोषणा तीन भाषांत व्हायची; आम्हाला तिन्ही पाठ. क्वार्टरच्या दोन रांगांमध्ये एक बोळ होता, दोन्ही बाजूंना उघडं गटार. ताई फुटबॉल तिथं शिकली. कॉलनीतली पोरं सगळ्या मुलखांतली, तमिळ, तेलुगू, उत्तर प्रदेशची, गार्डांची, पॉइंट्समनची. खेळायची भाषा हिंदी. नियम एकच होता: ज्याच्या पायानं चेंडू गटारात जाईल, त्यानं तो हातानं काढायचा आणि नळावर धुऊन आणायचा. ताईला त्या गटाराची भयंकर किळस. त्यामुळे चेंडू तिच्या पायापासून वीतभरही लांब जात नसे. भिंतीवर मारून परत घ्यायची, दोघांच्या मधून काढायची, आणि गटाराच्या काठाकाठानं अशी पळायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. बारा वर्षांच्या मुलांनी तिच्यापुढं हात टेकले तेव्हा ती दहाचीही नव्हती.

आप्पांना खेळाचा राग होता. ‘‘खेळ म्हंजी मालकानं कामगाराच्या हातात दिलेला खुळखुळा,’’ असं ते म्हणायचे. ‘‘वाजवत बसा आन् पगार विसरा.’’ त्यांचं मन फिरवलं ते मेरी टीचरनी. त्या कॉलनीजवळच्या शाळेत पीटी शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि स्कूटर अशी चालवायच्या की रिक्षावाले बाजूला व्हायचे. एका संध्याकाळी त्या थेट घरात आल्या, उभ्यानंच चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘‘फिटरसाहेब, मी आयुष्यभर मुलांना शिट्टी मारली. तुमच्या मुलीला शिट्टी मारावीच लागत नाही. तिला आधीच कळतं. हिला माझ्याकडं द्या.’’

‘‘आन् अभ्यास?’’

‘‘अभ्यास तुम्ही करा. तुम्हाला आवडतो ना?’’

आप्पांनी ते शब्दशः घेतलं. त्या रात्रीपासून ते अभ्यासाला बसले. एखाद्या गोष्टीत शिरले की तळ गाठल्याशिवाय आप्पा वर येत नसत. मोबाइलवर परदेशातले सरावाचे व्हिडिओ लावायचे, इंग्रजी बोलणं सुरू झालं की मला हाक: ‘‘समे, काय म्हणतोय त्यो?’’ मी शाळेतलं इंग्रजी ताणून ताणून सांगायची. आई शेजारी हुलग्याचं माडगं ढवळत असायची, ताईसाठी अंडी उकडत असायची, आणि आप्पा वहीत न लिहिता थेट पत्रकाच्या पाठीवर मुद्दे काढत बसायचे. वाफ, लसणाचा वास, शंटिंगचा दणका आणि मोबाइलमधून येणारा कुठल्या तरी गोऱ्या प्रशिक्षकाचा शांत आवाज. माझ्या लहानपणातला सुखाचा काळ विचाराल तर तो एवढाच.

त्यातून जे पत्रक निघालं ते युनियनच्या इतिहासात कुणी काढलं नसेल. गुलाबी कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. शीर्षक: ‘देश खेळाडू कसा घडवतो?’ आप्पांनी त्यात आइसलँड घातलं होतं, जिथं बर्फामुळे मैदानं अर्धं वर्ष गोठतात, म्हणून त्यांनी मैदानांवर छपरंच घातली, आणि तिथं पाच-सहा वर्षांच्या पोरांनासुद्धा रीतसर शिकलेला प्रशिक्षक मिळतो. ब्राझील घातलं होतं, जिथं पोरं अरुंद जागेत, लहान जड चेंडूनं खेळून पाय तयार करतात. त्याखाली कंसात आप्पांनी ‘आमच्या बोळाप्रमाणे’ असं लिहिलं होतं. उरुग्वे होतं, एवढासा देश, पण गल्लीगल्लीत चिमुरड्यांचे संघ आणि दर सुट्टीला सामने. जर्मनी होती, जी हरल्यावर रडत बसली नाही, तर तिनं ठिकठिकाणी केंद्रं काढली, की गुणी पोर लांब राहतं म्हणून वाया जाऊ नये. आणि जपान, आप्पांचं सर्वात लाडकं, जिथं शाळेतली पोरं वर्षानुवर्षं आपल्या शाळेसाठी खेळतात आणि खेळून झाल्यावर मैदान आणि सामान आपल्या हातानं स्वच्छ करतात. प्रत्येक परिच्छेदाखाली एक प्रश्न: ‘आणि आपण?’

आईनं ते वाचून घेतलं. म्हणाली, ‘‘बर्फातलं समदं खरं असंल. पर आपल्या मैदानात तुमच्याच युनियनच्या पुढाऱ्याची गाडी लागती. ती कवा हलणार?’’

आप्पा म्हणाले, तो स्थानिक प्रश्न आहे.

दौंडात त्या पत्रकाचं काही झालं नाही. भज्यांच्या गाड्यावर मी ते आठवडाभर बघत होते, तेलानं पारदर्शक झालेलं. उरुग्वेतून पलीकडचा बटाटावडा दिसायचा.

ताई मात्र वाढत होती. मेरी टीचर तिला पहाटे यार्डामागच्या मैदानावर न्यायच्या, तिथले गोलचे खांब जुन्या रुळांचे होते. दोघींत बोलणं फार नसायचं. पुण्याला निवड चाचणी झाली, तिथून चित्रफिती पुढं गेल्या, आणि एक दिवस निरोप आला. परराज्यातली एक निवासी अकादमी. आठवडाभर तिथं राहून शेवटची चाचणी द्यायची. त्यात ठरलं की तिथंच राहायचं, शाळा तिथंच, जेवण तिथंच, खेळ तिथंच, मोठं होईपर्यंत. हे सगळं ज्या वयोगटासाठी होतं, त्यातून ताई पुढच्या वर्षी बाहेर पडणार होती. म्हणजे हीच संधी, हीच गाडी. तिकीट दौंडहून संध्याकाळचं काढलं होतं. मेरी टीचरनी ताईला समोर बसवून सांगितलं, ‘‘आता गाडीत बसेपर्यंत पळायचं नाही, उड्या नाहीत, कुणाशी मॅच नाही. पाय म्हणजे काचेची बरणी समज.’’ आणि आईकडं वळून, ‘‘वहिनी, हिला घरातनं सोडू नका.’’

गाडीच्या दोन दिवस आधी आण्णा मोटारसायकलवरून आले. मागं कांद्याची पिशवी, तोंडात बातमी. गाडीच्याच दिवशी सकाळी गावात ताईचा भव्य नागरी सत्कार, तालुक्याचे पुढारी नानासाहेब स्वतः येणार. फ्लेक्स छापायला गेला होता.

‘‘आण्णा, अजून निवड व्हायची हाय,’’ आप्पा म्हणाले.

‘‘हुईल की. आपली पोर हाय ती. आन् झाल्यावर सत्कार तर कुनीबी करतंय. पयला आपला पायजे.’’

‘‘गाडी संध्याकाळची हाय.’’

‘‘आरं, जीपनं सोडतो की दौंडला. दुपारी मोकळं. गावची पोरगी इंडियाला चालली आन् गावाला पत्ता न्हाई व्हय? लोकं मला काय म्हंतील?’’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘टीचरनी घरातनं सोडू नका म्हणून सांगितलंय.’’

‘‘टीचर काय गावच्या हायेत का?’’

आप्पा उठले. मला वाटलं, आता आण्णांना त्यांची जागा दाखवतील. त्यांनी सुरुवातही केली. सत्कार म्हणजे सरंजामशाहीची शाल, माणसाला मोठं करायचं आणि गप्प बसवायचं, वगैरे. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते अडाणी असतील, पण भावाला पुरते ओळखून होते. म्हणाले, ‘‘मग हेच तितं बोल की. समदा गाव असंल, नानासाहेब असतील, पेपरवाले असतील. तुजं ते बर्फातलं, जपानचं, समदं वाच माईकवर. दौंडात कोन वाचतंय तुजं? भजी बांधत्यात त्यात.’’

आप्पा गप्प झाले. ती शांतता मला चांगली ओळखीची होती. भाषण ठरल्यावर ती पसरायची.

ताईला कुणी विचारलं नाही. तिला विचारायचं असतं, हे पाच देशांची नावं पाठ असलेल्या माणसालाही सुचलं नाही.

गावात शिरताच फ्लेक्स. नानासाहेबांचा चेहरा जिपेएवढा, त्याखाली आण्णांसह पंचायतीचे सगळे चेहरे ओळीनं, आणि खाली कोपऱ्यात ताई, शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोत, घाबरलेली. वर लिहिलं होतं: ‘भारताची फुटबॉल राणी’. शाळेपुढं मंडप, डीजेच्या भिंती, आणि एका बाजूला झेंडूच्या माळा घातलेला जेसीबी. आमच्या भागात मोठा माणूस आला की जेसीबीच्या बकेटमधून त्याच्यावर फुलं आणि गुलाल ओततात. त्याहून मोठा मान म्हणजे माणसालाच बकेटमध्ये उभं करून वर उचलतात.

कार्यक्रम अकराचा होता. नानासाहेब तीन वाजून गेल्यावर आले. तोवर ताई स्टेजवर बसून होती. खेळाचे कपडे, डोक्यावर भगवा फेटा, पायात तळाला टोकं असलेले स्टडचे बूट, मांडीवर चेंडू. पेपरातल्या फोटोसाठी आण्णांनी तसंच बसवलं होतं. मंडपाचं कापड काळं, उन्हानं आत भट्टी झालेली. मी तिच्या मागं उभी होते. तिनं मान न वळवता विचारलं, ‘‘समे, बूट काढू का? पाय शिजल्यात.’’ आण्णांनी ऐकलं. ‘‘फोटो हुईस्तवर ऱ्हाऊ दे, बाळा.’’ मेरी टीचरचे फोन माझ्याकडच्या मोबाइलवर येत होते. डीजेच्या आवाजात एकही कळला नाही. नंतर पाहिलं तर स्क्रीनभर त्यांचंच नाव.

नानासाहेब बोलले. म्हणाले, आमच्या भीमेच्या पाण्यातच ताकद हाय. मग शाली सुरू झाल्या. नानासाहेबांची, पंचायतीची, सोसायटीची, दूध डेअरीची, तरुण मंडळाची. एकीवर एक, कुणी आधीची काढत नव्हतं, कारण काढली तर तिचा मालक रागावणार. ताईचा चेहरा शालींत बुडत गेला. ती पाणी मागत होती. तिच्या हातात नारळ दिला.

मग आप्पा उठले. खिशातून गुलाबी पत्रक काढलं, चष्मा लावला. मी आजही त्यांच्या बाजूनं विचार करायचा प्रयत्न करते. वर्षानुवर्षं गेटवर उभं राहून पत्रकं वाटणारा माणूस, ज्याच्या हातातला कागद घेऊन लोक चालता चालता तो खाली टाकतात, आणि आज पहिल्यांदा त्याच्या पुढं माईक आणि गाव. त्यांनी आइसलँडपासून सुरुवात केली. चांगलं बोलत होते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. जर्मनीपर्यंत आले तेव्हा जीपवाला घड्याळ दाखवत होता, आण्णा हातवारे करत होते, आप्पा कुणाकडंच बघत नव्हते.

शेवटी आण्णांनीच ठरवलं. भाषण चालू राहू द्या, मिरवणूक काढा, न्हाईतर गाडी चुकंल. पोरांनी ताईला स्टेजवरून खाली घेतली, शाली काढून माझ्या हातांत कोंबल्या आणि तिला जेसीबीच्या बकेटमध्ये उभी केली. आतमध्ये ओल्या झेंडूचा आणि गुलालाचा थर. डीजे दणाणला. बकेट वर गेलं. ताई दोन्ही हातांनी कड धरून उभी होती, हसत नव्हती. तिनं खाली मला शोधलं आणि पायांकडं बोट दाखवलं. स्टड लोखंडावर टिकत नव्हते. मी ओरडले. कर्ण्यातून आप्पांचा आवाज मंडपाबाहेर येत होता: ‘‘…जपानातलं पोरगं आपलं मैदान आपण झाडतं…’’

शाळेपासून वेशीपर्यंतच नेली. तिथं बकेट खाली आलं, पण पुरतं नाही. खाली नाचणारी पोरं बाजूला होईनात. ‘‘उतर, उतर, उशीर झाला!’’ चारी बाजूंनी एकच गलका. ताईनं एक पाय बकेटच्या कडेच्या लोखंडी दातांवर ठेवला. स्टड घसरला, बूट दोन दातांमध्ये अडकला आणि ती पूर्ण अंगानं दुसऱ्या बाजूला फिरली. गुडघ्यात काही तरी तुटतं तेव्हा आवाज येतो म्हणतात. डीजेत मला तो ऐकू आला नाही. ताईला आला.

‘‘लचकलंय,’’ आण्णा म्हणाले. कुणी तरी हळद-तेल आणलं, कुणी चोळू लागलं. ताई ओठ चावत म्हणत होती, ‘‘गाडी. गाडी जाईल.’’ जीपमध्ये तिचा पाय माझ्या मांडीवर होता, बूट तसाच, कारण काढताना ती किंचाळली. आप्पा पुढं बसले होते. त्यांच्या हातात पत्रक होतं. 

आई प्लॅटफॉर्मवर डबा घेऊन थांबली होती. शेंगोळी केली होती, ताईला आवडते म्हणून. तिनं गुडघा पाहिला, मग आप्पांकडं पाहिलं. ‘‘चढवू नका हिला.’’

‘‘मी जानार,’’ ताई म्हणाली.

गेली. आप्पा सोबत गेले. तिकडं पोचल्यावर मैदानात उतरायच्या आधीच डॉक्टरनं गुडघा हलवून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. मेरी टीचरनी फोनवर खूप विनवण्या केल्या. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. परत आल्यावर आप्पांनी तिथलं एकच वाक्य सांगितलं, तेही एकदाच. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी सगळं ऐकून विचारलं होतं, ‘‘सफर के दिन इसको स्टड किसने पहनाए?’’ आप्पांना उत्तर देता आलं नाही. मला येतं. सगळ्यांनी.

मेरी टीचर त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. स्टेशनवर आप्पा दिसले की त्या पुलावरून पलीकडं जायच्या. पुण्यात ऑपरेशन झालं, उशिरा झालं, गुडघा चालण्यापुरता बरा झाला. गावात कुणी फ्लेक्स उतरवला नाही. पुढं वाऱ्यानं फाटला, तेव्हा आण्णांनी तो कांद्याच्या चाळीवर टाकला. सुट्टीत गेलो की दिसायचं: नानासाहेब कांद्यावर पालथे, आणि कोपऱ्यात ताई, आभाळाकडं बघत. शालींचं म्हणाल, तर थंडीत मेंढीला कोकरं झाली की त्यांच्या अंगावर त्या घालायचे. त्या शालींचा एवढाच उपयोग झाला, आणि तो खरंच झाला, हे मी मान्य करते.

मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. बाहेरचे देश खेळाडू कसा घडवतात, यावर आपल्याकडंही आता लेख येतात, चर्चा होतात, मैदानं कमी आहेत, पैसा नाही, क्रिकेटनं सगळं खाल्लं. खरं आहे सगळं. पण एक गोष्ट त्यात कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तिकडं बारा-चौदा वर्षांच्या गुणी पोराला जगापासून जपतात. त्याला सराव देतात, झोप देतात, हरायला देतात, आणि मोठं होईपर्यंत त्याला निवांत राहू देतात. आपण त्याला पहिल्यांदा बकेटमध्ये उभं करतो. आपल्याला खेळाडू नको असतो, आपल्याला मिरवणूक हवी असते, आणि मिरवणुकीला वर उभं करायला कुणी तरी लागतं. आप्पांच्या पत्रकात पाच देश होते. त्यांत आमचं गाव नव्हतं. ते सहावं घातलं असतं तर पत्रक पुरं झालं असतं.

ताई आता रांजणगावला एका कारखान्यात आहे. दिवसभर उभं राहून माल तपासायचा. शिरूरला खोली घेऊन राहते. संध्याकाळी गुडघा सुजतो, मग ती पाय भिंतीला लावून आडवी होते आणि मला फोन करते. फुटबॉलचं नाव काढत नाही. मी काढलं तर म्हणते, ‘‘तू लिही बाई. तुला लिहायला लागतंय.’’

मागच्या उन्हाळ्यात आण्णा पुन्हा आले, या खेपेला ताईच्या खोलीवर. मी तिथंच होते. वस्तीवरच्या आमच्याच भावकीतली आरती नावाची मुलगी, गावच्या शाळेच्या अंगणात खेळून तयार झालेली, अशाच चाचणीला निघाली होती. सत्कार होता. नानासाहेब होते. ‘‘आन् परमुख पाहुन्या तू, किरांते. राष्ट्रीय खेळाडू म्हनून छापलंय तुला.’’

मी उठून काही तरी बोलणार होते, छापण्यासारखं नव्हे. ताई म्हणाली, ‘‘येते.’’

मी आप्पांना फोन करून येणार का विचारलं. आप्पा आता निवृत्त आहेत, पत्रकं लिहीत नाहीत. म्हणाले, ‘‘मी माईक बघितला की बोलतो. मी येत न्हाई.’’

तीच शाळा, तसाच मंडप. आरती स्टेजवर, फेटा, मांडीवर चेंडू, पायात स्टड. नानासाहेब यायचे होते. ताई स्टेजकडं गेलीच नाही. लंगडत सरळ जेसीबीकडं गेली. बकेट आधीच फुलांनी भरून वर उचलून ठेवलं होतं. ड्रायव्हर बिहारचा, मुन्ना नावाचा, मशीन बंद करून सावलीत तंबाखू मळत होता.

‘‘चाबी दे,’’ ताई म्हणाली.

‘‘किसलिए, दीदी? सेठ पूछेगा।’’

‘‘सेठ को बोल, मुख्य पाहुणी ले गयी।’’

त्यानं तिच्या पायाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं आणि चावी दिली. ताईनं ती कुर्त्याच्या खिशात टाकली आणि स्टेजवर चढली. नानासाहेब आले, शाल दिली, नारळ दिला. निवेदकानं राष्ट्रीय खेळाडूला दोन शब्द बोलायची विनंती केली. ताईनं माईक हातात घेतला, लोकांकडं पाठ केली आणि आरतीकडं तोंड.

‘‘बूट काढ.’’

कर्ण्यातून ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं. आरतीनं आण्णांकडं पाहिलं.

‘‘त्यांच्याकडं नको बघू. काढ. पिशवीत ठेव. चपला घाल. एसटी कवाची हाय तुझी?’’

‘‘साडेचार.’’

‘‘चल मग.’’

आण्णा धावत आले. ‘‘आगं, मिरवनूक ऱ्हायलीय! नानासाहेब बसल्यात!’’

‘‘बसू द्या,’’ ताई म्हणाली, आणि पोरीचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. खाली कुणी तरी ‘चावी, चावी कुठंय’ असं ओरडत होतं. डीजे सुरू झाला, पण पुढं चालायला काही नव्हतं. जेसीबी तसाच उभा, फुलांनी भरलेलं बकेट वर, ओतता येईना.

आम्ही तिघी स्टँडवर चालत गेलो. ताई लंगडत होती आणि तरी पुढं होती. वाटेत तिनं आरतीला ना शाबासकी दिली, ना सल्ला. फक्त पोरीच्या पायांपुढची जमीन बघत चालली होती, मध्ये कुठं दगड आहे का म्हणून.